पाय वगळून १८.२५ लिटर

मोठा कॉम्प्युटर घ्यायला पैसे लागतात. छोटा कॉम्प्युटर जोडायला पैसे तर लागतातच, शिवाय मोजपट्टी लागते, एक्सेलची शीट लागते आणि रात्री अकरानंतर झोप न येणारा एक माणूस घरात लागतो. आमच्याकडे तो माझा भाचा आहे. ताईचा मुलगा. नोकरीसाठी नागपूरहून आला आणि डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेत राहिला. कॉम्प्युटर आपण स्वतः, एकेक भाग निवडून जोडायचा, हा त्याचा हट्ट. तो टेबलाच्या एका कोपऱ्यात मावला पाहिजे, ही माझ्या बायकोची अट. आणि मे महिन्यात घरी जाताना तो विदर्भ एक्सप्रेसमध्ये बर्थखाली बसला पाहिजे, ही पुन्हा त्याचीच पुरवणी. एवढ्यावर काम सुरू झालं.

छोटा म्हणजे किती, याचं माप ठरलेलं आहे. १९९५ साली इंटेलनं मदरबोर्डसाठी एटीएक्स नावाचं माप आणलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. आपण ज्याला कॅबिनेट म्हणतो ते टेबलाखालचे उंच डबे त्यावर बेतलेले. २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीनं मिनी-आयटीएक्स काढलं, १७० बाय १७०. या छोट्या बोर्डाचा सज्जनपणा असा, की त्याची चार भोकं मोठ्या बोर्डाच्या चार भोकांशी जुळतात. त्यामुळे तो मोठ्या डब्यातही मुकाट्यानं बसतो. पण मोठ्या डब्यात बसवण्यासाठी तो कोणी घेत नाही. लोक तो घेतात ते मोठ्या कॉम्प्युटरची सगळी कामं सतरा सेंटिमीटरच्या चौकोनात कोंबण्यासाठी.

या बोर्डावर रॅमच्या खाचा चार नसतात, दोन असतात. कार्ड लावायला एकच जागा असते. आणि किंमत? त्याच चिपसेटच्या मोठ्या बोर्डापेक्षा बहुधा जास्त. एसएमपीएसचंही तसंच. छोट्या डब्यात एसएफएक्स जातीचा लागतो, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर, आणि तितक्याच वॅटला पैसे जास्त. जितकं कमी, तितकं महाग. देशात इतरत्र हे समजावून सांगावं लागत असेल. मुंबईकडचा माणूस फक्त विचारतो, "स्टेशनपासून किती लांब?"

तेव्हा या छंदाचं मूळ तैवानात असलं, तरी त्याची खरी गादी आमच्या सेंट्रल लाइनवर असायला हवी होती, असं मला वाटू लागलं. लिटरचा प्रश्न निघाला तेव्हा खात्रीच पटली.

ही मंडळी डबा लिटरमध्ये मोजतात. वीस लिटरच्या आत असेल तर छोटा, अशी साधारण रूढी. दहाच्या आत असेल तर सांगताना आवाज थोडा खाली आणायचा, म्हणजे समोरचा जवळ येऊन ऐकतो. कूलर मास्टरचा एनआर२०० हा या जमातीत सगळ्यांच्या ओळखीचा डबा. "मामा, फक्त १८.२५ लिटर!" भाचा म्हणाला. मी आयुष्यभर बिलं तपासली. बेरीज-गुणाकार स्वतः केल्याशिवाय मला आकडा पचत नाही. माहितीपत्रकातून मापं घेतली. ३७६ गुणिले १८५ गुणिले २९२. उत्तर वीस लिटरच्या वर गेलं.

"मामा, तू पाय धरलेस."

"कोणी कोणाचे पाय धरले?" आतून आईनं विचारलं.

"पाय आणि बाहेर आलेले भाग वगळायचे असतात, आजी. ३६०, १८५, २७४."

पुन्हा गुणाकार केला. बरोब्बर १८.२५. कंपनी दोन्ही मापं छापते, लपवाछपवी काही नाही. पण पायांवर उभा असताना जो डबा छोटा नाही, तो पाय काढताच छोटा होतो, हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा रेराचा २०१६चा कायदा आलेला नव्हता. बिल्डरनं जो एरिया सांगितला त्यात जिना, लिफ्ट आणि लिफ्टसमोर आम्ही ताटकळत उभे राहतो ती जागाही धरलेली होती. त्यानं आमचं नसलेलं मोजलं. इथं डब्याचं असलेलं सोडलं. पाय धरावेत की वगळावेत यावर या छंदातली मंडळी हिरिरीनं वाद घालतात. त्यांना कार्पेट एरिया म्हणजे काय हे एकदा डोंबिवलीला येऊन बघायला सांगावं, असं मी सुचवलं. भाचा म्हणाला, "मामा, तू शीट बघ."

शीट बघण्यासारखी होतीच. सामान्य माणसाला वाटतं, आधी प्रोसेसर ठरवावा आणि बाकीचं त्याच्या मागून यावं. छोट्या कॉम्प्युटरमध्ये कोणी कोणाच्या मागून येत नाही. प्रोसेसर किती तापेल त्यावर कूलर. कूलर किती उंच चालेल ते डब्यावर. डबा कोणता, ते आत ग्राफिक्स कार्ड घालायचं की नाही त्यावर. कार्ड कोणतं, ते एसएमपीएस किती वॅटचा त्यावर. आणि एसएमपीएस कोणता बसतो, ते पुन्हा डब्यावर. मधेच रॅमची उंची. बुटका कूलर आडवा पसरतो आणि रॅमच्या डोक्यावर येतो. त्यातून रॅमवर रंगीत दिवे असले तर ती सेंटिमीटरभर आणखी उंच. शेवटच्या रकान्यातला एक आकडा बदलला की पहिला रकाना लाल व्हायचा.

"मामा, ठरलं!" तो रात्री हॉलमध्ये येऊन सांगायचा.

"काय?"

"कूलर. ऑस्ट्रियाचा, नॉक्टुआचा. पंख्यासकट उंची ३७ मिलिमीटर."

"छान."

"आता प्रोसेसर बदलावा लागेल."

नॉक्टुआचे पंखे तपकिरी आणि बदामी रंगाचे असतात. आवाज न करण्याबद्दल जगभर त्यांचं नाव आहे आणि त्या रंगाचा कंपनीला अभिमान आहे. हिनं फोटो पाहिला आणि विचारलं, "नवीन मिळत नाही का?"

मग एका रात्री भाचा एकदम दोन लिटरच्या आत गेला. ॲसरॉकचा डेस्कमिनी एक्स३००. १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटर, म्हणजे १.९२ लिटर. त्यात रॅम लॅपटॉपची, एसएमपीएस नाहीच, अडॅप्टर बाहेर, आणि कूलरला ४६ मिलिमीटरची मर्यादा. ग्राफिक्स कार्डाला जागा नाही, पण प्रोसेसरच्या पोटातच चित्रापुरती सोय असलेले प्रोसेसर मिळतात, ते वापरायचे. मला हे फार आवडलं. सोसायटीचे हिशेब, लाइट बिल, आईची कीर्तनं. आणखी काय हवं? दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी ऑफिसातला कोणीतरी त्याला म्हणाला, "यावर गेम काय चालणार?"

त्या रात्री शीटच्या दुसऱ्या टोकाला एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० उगवलं. हे कार्ड २०२२ साली आलं. कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीची मापं ३०४ बाय १३७ बाय ६१ मिलिमीटर. मला आता सवय लागली होती. मी गुणाकार केला. अडीच लिटर. जो कॉम्प्युटर आदल्या दिवशी पक्का झाला होता, त्यापेक्षा नुसतं कार्डच मोठं. बोर्ड सतरा सेंटिमीटरचा आणि त्यावर लावायचं कार्ड तीस सेंटिमीटरचं. शिवाय पूर्ण जोरात चालताना त्याला ४५० वॅट लागतात. छताचा साधा पंखा ७५ वॅटचा धरला तर सहा पंखे. आमच्या घरात एवढी छतं नाहीत.

पण याही अडचणीवर या मंडळींनी तोड काढलेली आहे. रायझर नावाची एक चपटी केबल मिळते. तिच्यामुळे कार्ड बोर्डावर उभं न राहता बोर्डाच्या मागे, पाठीला पाठ लावून राहतं. मध्ये पत्र्याची एक भिंत. पाहुणे आले की आमच्याकडे झोपायची हीच व्यवस्था असते, फक्त पत्रा नसतो. अडचणही तीच आहे, उकडतं.

उकडण्याचा प्रश्न ताईनं फोनवरून काढला. भाच्याला फ्रॅक्टल या स्वीडिश कंपनीचा टेरा नावाचा डबा आवडला होता. १०.४ लिटर, दर्शनी बाजूला अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. त्याची परीक्षणं त्यानं तोंडपाठ केली होती : पूर्ण ताणावर प्रोसेसर इतके अंश, कार्ड तितके अंश. ही परीक्षणं बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून केलेली असतात. कूलर काही फ्रिज नाही. तो चिपची उष्णता खोलीतल्या हवेला देतो, एवढंच. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळजवळ दहा अंशांनी तापते. आणि एएमडीच्या नव्या रायझनना ९५ अंशांची लक्ष्मणरेषा आखलेली. तिथं पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या आसपास असतो.

"मग झाकण काढून ठेव ना," ताई म्हणाली.

भाच्यानं फोन माझ्याकडे दिला. ताईचं चुकलं काहीच नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत कॉम्प्युटरचं एक झाकण कायमचं कपाटावर असतं आणि कॉम्प्युटर टेबलाखाली पोट उघडं टाकून सुखानं चालतो. पण दहा लिटरच्या डब्याचं झाकण काढलं तर तो किती लिटरचा उरतो, हे कोणत्याच माहितीपत्रकात नाही.

शेवटी खरेदी. नेटवर सगळं मिळतं, पण वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायची नाही हा आमच्या घराण्याचा नियम. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे; लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचा गव्हर्नर होऊन गेला त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, पण कॉम्प्युटरचा माल अजून त्याच्याच नावावर मिळतो.

दुकान सहा फूट रुंद. त्यात काउंटर, काउंटरमागे मालक, मालकांमागे दोन मुलं, आणि माल जमिनीपासून छतापर्यंत. छताखाली एक माळा, माळ्यावर तिसरा मुलगा.

"गेमिंग की ऑफिस?" मालकांनी विचारलं. लॅमिंग्टन रोडवर मनुष्यजातीचे हे दोनच वर्ग आहेत.

"मिनी-आयटीएक्स," भाचा म्हणाला.

मालकांनी वर बघून हाक दिली, "छोटावाला बोर्ड है क्या?"

माळ्यावरून आवाज आला, "कितना छोटा?"

"सतरा बाय सतरा," भाचा ओरडला.

"इंच?"

बोर्ड नव्हता. मागवून देऊ म्हणाले. ॲडव्हान्स लागेल आणि परत घेणार नाही. मग मालक माझ्याकडे वळले, कारण घरात शहाणं कोण हे दुकानदाराला बघताक्षणी कळतं. "साहेब, कशाला? एवढ्याच पैशात मोठा बोर्ड देतो, मोठं कॅबिनेट देतो. समोर तीन पंखे, मागे एक, सगळे लाइटवाले. बाजूला काच." मुलानं तोवर ते कॅबिनेट काउंटरवर उचलून ठेवलंसुद्धा. ते प्लगला लावताच दुकानात नवरात्र सुरू झालं.

"जागा नाही हो," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आपल्या सहा फुटांकडे. "जागा केली की होते, साहेब."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भाच्याजवळ होतं, त्यानं शीट काढली. ती मालकांनी अर्धी वाचली आणि चहा मागवला. बोर्ड मागवायचं ठरलं. वॉरंटीसाठी बिल पक्कं, म्हणून वर अठरा टक्के जीएसटी. बाकीचं सामान घेऊन निघालो. रॅम तेवढी घेतली नाही, कारण भाव उतरले की घ्यायची असं भाच्याचं धोरण होतं.

या धंद्यातला जुना नियम असा, की थांबलं की वस्तू स्वस्त होते. थांबणं हाच शहाणपणा. भाचा नियमाला धरून थांबला, आणि नेमकं २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली. रॅमचे भाव चढू लागले ते चढतच राहिले. डिसेंबरात मायक्रॉन या कंपनीनं जाहीर केलं, की आपण सामान्य गिऱ्हाइकांसाठी चालवलेला क्रूशियल हा ब्रँडच बंद करतोय. भाचा रोज सकाळी भाव बघायचा आणि चहा न पिता उठायचा.

"वाढतोय म्हणतोस ना?" आई म्हणाली. "मग आणखी दोन घेऊन ठेव. माझ्या कपाटात ठेवू. लग्नात उपयोगी पडतील."

याच काळात सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्या दुःखावर मीठ चोळलं. त्यांनी एक तयार मिनी पीसी मागवला, मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी अडकवला आणि दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सची बिलं त्यावर काढली. शीट नाही, लिटर नाही, मतं नाहीत. असे तयार छोटे कॉम्प्युटर इंटेलनं २०१३ च्या सुमारास एनयूसी या नावानं रूढ केले आणि दहा वर्षांनी ते काम असुसकडे सोपवलं. ॲपलचा २०२४चा मॅक मिनी तर १२.७ सेंटिमीटरचा चौरस आणि पाच सेंटिमीटर उंच. म्हणजे ०.८ लिटर, आणि अडॅप्टरही बाहेर नाही. हे गणित मी भाच्याला करून दाखवलं.

"त्यात रॅम बदलता येत नाही," तो म्हणाला.

"आणि आपल्यात?"

"आपल्यात सगळंच बदलता येतं."

मी त्याचीच शीट त्याला वाचून दाखवली. इंटेलच्या सॉकेटला जितकी टोकं तितका त्याचा आकडा. २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, लगेच २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसत नाही. एएमडीनं २०१६चं एएम४ बरीच वर्षं चालवलं, पण २०२२ मध्ये एएम५ आलं आणि रॅमही डीडीआर४ची डीडीआर५ झाली. एकीची खाच दुसरीला चालत नाही. म्हणजे काही वर्षांनी प्रोसेसर बदलायचा म्हटलं तर बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलला की रॅम बदलायची.

"मग राहिलं काय?"

"डबा तर राहतो ना!" भाचा म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्याला कॉम्प्युटर वापरायचा नव्हता, निवडायचा होता. सेक्रेटरींचा कॉम्प्युटर एका दिवसात आला आणि त्याच दिवशी त्याबद्दलचं बोलणं संपलं. आमच्या कॉम्प्युटरवर मात्र तो यायच्या आधीच घरातल्या प्रत्येक माणसाचं मत तयार होतं. हिला लाकडाची पट्टी हवी होती, आईला रॅमची गुंतवणूक, ताईला हवा, आणि मला, का कोण जाणे, पाय धरून मोजलेले लिटर.

जोडणी एका रविवारी झाली. प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका लावायचा की फुली मारायची, यावर भाचा आणि त्याचा मित्र यांच्यात चहाचे दोन कप संपले. पॉवरच्या बटणाच्या बारीक पिना कुठं खोचायच्या हे बघायला माझा वाचायचा चष्मा आणि आईचं मोतीबिंदूनंतरचं भिंग दोन्ही लागलं. केबली मोठ्या डब्याच्या हिशेबानं लांब होत्या. त्या दडपून बसवल्या. संध्याकाळी पडद्यावर अक्षरं उमटली. आईनं बटणाला हळदकुंकू लावलं.

टेबलाचा कोपरा आता असा आहे : दहा लिटरच्या आसपासचा डबा. शेजारी यूएसबीचा हब, कारण मागची भोकं पुरली नाहीत. त्याच्याशेजारी बाहेरची हार्ड डिस्क, आणि माझ्या जुन्या सीड्यांसाठी बाहेरचा डीव्हीडी रायटर, कारण आत जागा नव्हती. टेबलाखाली यूपीएस, कारण वीज जाते. त्यात शिशाची बॅटरी असते आणि तो उचलताना कंबर सांभाळावी लागते. हे सगळं पाय वगळून मोजायचं असं भाच्यानं आधीच सांगून ठेवलंय.

डब्याच्या आत मात्र चांगली ऐसपैस जागा आहे. रॅमनं सगळे पैसे खाल्ले, कार्ड घ्यायचं राहून गेलं, आणि पत्र्याच्या भिंतीमागची कार्डाची खोली रिकामी आहे. झाकण काढून भाच्यानं ती दाखवली तेव्हा सगळे गप्प झाले. आमच्या घरात त्या क्षणी रिकामी असलेली ती एकमेव जागा होती. आई जवळ सरकून बघायला लागली. तिच्या डोक्यात पासबुकं आली असावीत.

"नाही, आजी," भाचा झाकणावर हात ठेवून म्हणाला. "ती कार्डासाठी ठेवलीय. पुढच्या दिवाळीला."

"बाल्कनीपण ह्यांनी झाडांसाठीच ठेवली होती," ही म्हणाली.

बाल्कनीत आता भाचा झोपतो.